फॉरेनचं पाणी

दसरा संपला की आमच्या सोसायटीत रंगाचा वास सुटतो. कुणाच्या ना कुणाच्या घरात शिडी उभी राहते, सोफ्यांवर जुन्या चादरी पडतात आणि लिफ्टच्या फरशीवर पांढरी पावलं उमटायला लागतात. बोरिवलीतलं ऑक्टोबरचं ऊन, बंद पंखे आणि ऑइलपेंट यांनी डोकं असं काही धरतं की विचारू नका. पण दिवाळी जवळ आली हे मला कॅलेंडरपेक्षा त्या डोकेदुखीवरूनच कळतं. यंदा पाळी आमच्या घराची होती.

"आई, हॉलची ही एक भिंत आपण वेगळी करू या," माझी सून मृण्मयी म्हणाली. "हिला रंग नको. वॉलपेपर लावू. सध्या ट्रेंड आहे." आणि तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर बर्फाचा डोंगर होता, त्याच्या पायाशी निळंशार तळं होतं आणि तळ्यात तोच डोंगर पुन्हा एकदा होता.

मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. मृण्मयीला वाटलं मी तिच्या आवडीला हसतेय, आणि ती हिरमुसली. मी डोळे पुसत तिला म्हटलं, "लाव गं बाई, जरूर लाव. फक्त लावणाऱ्याला आधी एवढं विचार, की ह्यातली वरची बाजू कुठली." तिला काही ते कळलं नाही. कळणार तरी कसं? त्यासाठी ऐंशीच्या दशकात मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला हवं होतं.

आमच्या त्या बिल्डिंगमध्ये ट्रेंड नव्हते. फॅशन होती, पण ती पाली हिलला वगैरे राहायची. आमच्याकडे निघायची ती टूम. टूम कुठून यायची ते कुणाला माहीत नसायचं. तळमजल्यावर एका घरात ती शिरली की आठवड्याभरात गच्चीपर्यंत पोचलेली असायची, आणि मग जिच्या घरी ती नाही त्या बाईला नळावर कुणी धड विचारत नसे.

एक वर्ष मनी प्लांटचं होतं. हा वेल विकत आणला तर वाढत नाही, चोरून आणला तरच फोफावतो, असं कुणीतरी सांगितलं आणि चांगल्या घरच्या बायका चोऱ्या करायला लागल्या. बिल्डिंगमध्ये मुळात वेल एकच. तोच ह्या खिडकीतून त्या खिडकीत फिरायचा. जिच्याकडून चोरायचा ती बघूनही न बघितल्यासारखं करायची, कारण परवा तिलाही आपल्याकडे यायचं असायचं. मग सुतळीच्या गाठी मारून भिंतीवर टांगायच्या वस्तू करायची टूम आली, आणि त्यात सगळ्यांनी केलं काय, तर घुबड. तिन्हीसांजेला घुबडाचं नाव काढलं तरी "शुभ बोल गं" म्हणणाऱ्या बायका, आणि त्यांच्याच दारात लाकडी मण्यांचे डोळे वटारून ही घुबडं लटकलेली! आमच्या आईच्या घुबडाची मान जरा वाकडी झाली होती. आई त्याला शेवटपर्यंत पोपटच म्हणत राहिली.

पण ह्या सगळ्या टुमा किरकोळ होत्या. खरी मोठी टूम होती काश्मीरची.

ग्रुपनं काश्मीरला जायचं, आपला आचारी बरोबर घेऊन जायचं, हिमालयाच्या कुशीत बसून वरणभात आणि बटाट्याची भाजी खायची, आणि येताना फोटो घेऊन यायचं. फोटो ठरलेला. बाईच्या अंगावर भाड्याचा काश्मिरी पोशाख, कपाळावर साखळ्या, कमरेवर घागर. शेजारी नवरा, चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा. पोशाख तोच, घागरही बहुधा तीच, फक्त चेहरे बदललेले असे ते फोटो प्रत्येक शोकेसमध्ये काचेआड उभे असत. शेजारच्या लेले काकूंचा फोटो तर मोठा करून फ्रेममध्ये लावलेला होता. लेले काकू एरवी हळदी-कुंकवाला जाताना आरशात दोनदा बघायच्या नाहीत, पण त्या फोटोत मात्र मान अशी तिरकी केली होती की लेले काका पाहुण्यांना म्हणायचे, "ही कोण ते मलाही विचारू नका."

तो फोटो बघितला की आई गप्प व्हायची. घागरीचं तिला काही नव्हतं. तिला बर्फ बघायचा होता. वेंगुर्ल्याजवळच्या गावात वाढलेली आणि लग्न होऊन मुलुंडला आलेली माझी आई, तिनं जन्मात पाहिलेला बर्फ म्हणजे बाजारात सुरमईच्या अंगाखाली असायचा तो. "आकाशातून पडलेला, कुणी हात न लावलेला बर्फ एकदा बघायचाय हो मला," असं ती बाबांना म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, "बर्फ वरून पडो की कारखान्यातून येवो, शेवटी पाणीच ना?"

बाबा विक्रोळीला एका मोठ्या कंपनीत मशीन शॉपमध्ये होते. कंपनीची सुट्टी आणि प्रवासाचा भत्ता दरवर्षी ठरल्या ठिकाणी जायचा, तो म्हणजे गावच्या गणपतीत. तिथं आईच्या वाट्याला दर्शन कमी आणि खोबरं खवणं जास्त यायचं. मुंबईच्या स्वयंपाकघरातून उठून कोकणातल्या मोठ्या स्वयंपाकघरात बसायचं, ह्यालाच आमच्याकडे प्रवास म्हणत. आई तक्रार करायची नाही. पण त्या वर्षी गणपतीहून परतल्यावर तिनं सरळच विचारलं, "पुढच्या वर्षीचा भत्ता काश्मीरला लावाल का?" बाबांनी "बघू" म्हटलं. आमच्या घरात "बघू" म्हणजे "नाही" हे मलासुद्धा माहीत होतं. मी तेव्हा नववीत होते.

आणि दिवाळीच्या रंगकामाच्या आधी एका संध्याकाळी बाबा लुंगीत गुंडाळलेलं एक लांबलचक काहीतरी खांद्यावर घेऊन घरी आले. त्यांच्या मशीनवरच्या जोडीदाराचा मेव्हणा बोटीवर होता. त्यानं परदेशातून भिंतीला लावायची सिनरी आणली होती, भिंतभर, चार लांब पट्ट्यांची. कस्टमवाल्यांना नवी वस्तू वाटू नये म्हणून खोकं, कागद सगळं फेकून देऊन ती त्यानं आपल्या लुंगीत गुंडाळली होती. सिनरी हा शब्द तेव्हा खास मराठी होता. भिंतीवर जे काही हिरवं, निळं आणि आपल्या ऐपतीबाहेरचं असेल ती सिनरी.

"घे तुझं काश्मीर," बाबा आईला म्हणाले. "हवं तेव्हा बघ. सामान नाही, थंडी नाही, घाट नाही, उलटी नाही."

हे अगदी त्यांच्याच तोंडचे शब्द आहेत.

रविवारी मैद्याची खळ शिजली. झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद पडला. लेले काका शिडी धरायला आले. ते फोर्टात एका वकिलाकडे कारकून होते आणि शिडी धरतानासुद्धा युक्तिवाद करत. "वरची बाजू कुठली ते तपासलंत का?" त्यांनी विचारलं. "डोंगर वर, पाणी खाली, एवढं कळतं मला," बाबा म्हणाले आणि पहिली पट्टी चिकटवली. पहिली एकदा लागल्यावर बाकीच्या तिच्या कडेला कड जुळवत मुकाट्यानं लागल्या. बाबांचं काम म्हणजे काम. सांधा कुठं आहे ते बोट फिरवूनही कळत नव्हतं. लोखंडी कपाट जाग्यावर सरकवल्यावर डोंगराची एक बाजू त्याच्यामागे गेली, पण उरलेलासुद्धा केवढा थोरला होता! आमच्या एका खोलीत एकदम हवा आल्यासारखी वाटली.

आठ दिवस बिल्डिंग आमच्याकडे लोटली. बाबा पलंगावर बसून फॉरेनबद्दल बोलत, जणू ते स्वतःच बोटीवरून उतरलेत. आई चहा करत होती. तिला सिनरी आवडली नव्हती असं नाही, पण एकदा मी तिला भिंतीवरच्या बर्फावर तळहात ठेवून उभी असलेली पाहिली. मग तिनं हात पदराला पुसला आणि ती भाजी निवडायला बसली.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा असायची. मी न्हाऊन, केस वाळवायला पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडून उताणी पडले होते. पंख्याखाली केस लवकर वाळतात म्हणून सगळ्या मुली तसंच करायच्या. तशी पडल्यापडल्या माझी नजर भिंतीवर गेली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. म्हणजे खरं तर काहीतरी एकदम बरोबर असल्यासारखं वाटलं. डोंगर लख्ख दिसत होता. झाडं एकेक मोजता येत होती. तळ्याच्या काठावर एक गाय होती, तिची शिंगंसुद्धा दिसत होती. मी उठून सरळ बसले, तर डोंगर धूसर आणि गाय पुसट. पुन्हा डोकं खाली सोडलं, तर पुन्हा लख्ख.

"आई, इकडे ये! अशी पड जरा."

"मला काय उद्योग नाहीत?" असं म्हणत आई आली, पडली, आणि पडूनच राहिली. तेवढ्यात विरजण मागायला लेले काकू आल्या, त्यांनाही आम्ही पाडलं. बाबा पहिली पाळी संपवून घरी आले तेव्हा पलंगाच्या कडेवरून तीन बायकांची डोकी ओळीनं खाली लोंबत होती आणि तिघी भिंतीकडे बघत गंभीरपणे चर्चा करत होत्या.

"काय झालं? कोण गेलं?" बाबांनी दारातूनच विचारलं.

"अहो," आई उलट्या तोंडानं म्हणाली, "तुमचं काश्मीर उलटं आहे."

तिथून जे सुरू झालं ते दिवाळीपर्यंत संपलं नाही. बाबांना चित्र दाखवलं, गाय दाखवली. वरची गाय पुसट आहे आणि खालची स्पष्ट, म्हणजे खालची खरी आणि वरची तिची सावली, हे मी पट्टी घेऊन समजावलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वर धुकं आहे."

"आणि खाली पाण्यात धुकं नाही?"

"धुकं पाण्यात कसं असेल?"

"अहो, पण पाण्यातलं इतकं स्वच्छ कसं दिसेल?" आई म्हणाली.

"फॉरेनचं पाणी आहे ते!" बाबा गरजले. "तुमच्या मुलुंडच्या नळाचं नाही. तिथलं पाणी एवढं स्वच्छ असतं, की पाण्यातला डोंगर वरच्याहून चांगला दिसतो."

"आणि आकाशात लाटा आहेत त्या?"

"वारा सुटलाय."

आई पदर खोचून उभी राहिली. लेले काकूंना साक्षीला ठेवून ती म्हणाली, "मग ठरलं. चित्र सरळ असेल तर मी काश्मीरचं नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही. उलटं निघालं, तर पुढचा भत्ता काश्मीरला. बोला." लेले काकूंसमोर माघार घेणं बाबांना शक्यच नव्हतं. "मंजूर," ते म्हणाले. म्हणून तर गाय कितीही शिंगं दाखवू दे, बाबांना ते चित्र सरळ बघणं भागच होतं. चूक कबूल केली असती तर कारागीर म्हणून नाक गेलं असतं, आणि वर काश्मीरला जावं लागलं असतं.

परवा ह्या सगळ्याची मी आईला फोनवर आठवण करून दिली. ती आता माझ्या भावाकडे मुलुंडलाच असते, ऐंशीच्या घरात आहे, कान तिखट आहेत. मृण्मयीच्या वॉलपेपरचं ऐकून म्हणाली, "लावू दे की. आमच्या वेळी भिंतीला लावायचे, आता तुझा मुलगा कॉम्प्युटरवर लावतो, तेवढाच फरक." हे अगदी खरं आहे. माझा मुलगा घरून काम करताना मीटिंगमध्ये पाठीमागे खोटा डोंगर लावून बसतो. प्रत्यक्षात मागे वाळत घातलेले कपडे असतात. तो हलला की डोंगरातून मधूनच एक टॉवेल डोकावतो. आपल्यामागे आहे ते लोकांना दिसू नये आणि नाही ते दिसावं, ही टूम काही जुनी होत नाही. मला त्याचं हसू येतं, आणि बरंही वाटतं.

तर आईनं पुरावे गोळा करायला सुरुवात केली. घरी जो येईल त्याला ती आडवा करायची. दूधवाला भय्या तेवढा सुटला, कारण तो दारातच उभा राहायचा. विमा एजंट पडला. माझ्या गणिताच्या बाई पडल्या, आणि त्यांनी उठून, पदर सारखा करून, "प्रश्न दोन्ही बाजूंनी सुटतो," असा निकाल दिला. त्या बाबांना घाबरल्या असाव्यात.

दुसरीकडे गंमत अशी, की बिल्डिंगमधल्या लग्नाच्या मुलींचे फोटो आमच्या सिनरीसमोर निघायला लागले होते. स्टेशनरोडचे करंजकर फोटोग्राफर सामान घेऊन आमच्याकडेच यायचे. करंजकर स्वतःला कलावंत समजत. सगळं जग हातातल्या छोट्या कॅमेऱ्यावर आलं होतं तरी ते आपला लाकडी, तीन पायांचा, काळं फडकं डोक्यावर घ्यायचा कॅमेरा सोडायला तयार नव्हते. लेले काकूंच्या शुभांगीचा फोटो होता. ती मोरपंखी साडीत डोंगरासमोर उभी. करंजकर फडक्यात शिरले, ते बराच वेळ बाहेरच येईनात. मग आतूनच ओरडले, "अहो, हे काय आहे?"

"काय झालं?" आईनं आशेनं विचारलं.

करंजकर घामेजल्या चेहऱ्यानं बाहेर आले. "ताई, ह्या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं. मुलगी उलटी, कपाट उलटं, तुम्ही उलट्या. इतकी वर्षं मी उलटंच बघत आलो. पण आज पहिल्यांदा आत काहीतरी सरळ दिसतंय. तुमचा डोंगर!"

आईनं टाळीच वाजवली. "ऐकलंत?" पण लेले काका पुढे सरसावले. त्यांनी करंजकरांना विचारलं, "तुमच्या कॅमेऱ्यात एरवी जे दिसतं ते खरं असतं का?" करंजकर म्हणाले, "नाही, उलटं असतं." "मग आज दिसलं तेवढंच खरं कसं?" लेले काका म्हणाले. बाबांनी त्यांना तिथंच मिठी मारली. करंजकरांना वकिली काही कळेना. ते चिडून पुन्हा फडक्यात शिरले आणि शुभांगीचा फोटो तसाच निघाला. त्याच फोटोवर तिचं गोरेगावला लग्न जमलं. अजूनही मुलुंडपासून गोरेगावपर्यंत कितीतरी संसारांच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर एक लाजरी मुलगी आणि तिच्यामागे डोक्यावर उभा असलेला परदेशी डोंगर आहे. कुणाच्याही संसाराचं त्यानं काही बिघडलं नाही.

पण लेले काकांच्या त्या युक्तिवादानंतर आईचा धीर सुटला. लोकांना आडवं करणं तिनं बंद केलं. "जाऊ दे," एकदा ती मला म्हणाली, "हरले मी. त्यांना नाहीच जायचं तर भिंत काय करणार?" ती हे रडून म्हणाली नाही, चकल्या तळता तळता म्हणाली, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. तिला एवढं एक हवं होतं आणि ते मिळणार नव्हतं. मला बाबांचा फार राग आला होता.

त्याच दिवसांत गावाहून भाऊकाका आले होते. बाबांचे थोरले भाऊ. गावचं घर, शेती, गणपती सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. मशीन शॉपमध्ये साहेबाला न घाबरणारे माझे बाबा भाऊकाकांसमोर उभे राहिले की दहावी नापास मुलासारखे दिसत. भाऊकाकांना मोतीबिंदू झाला होता, आणि ऑपरेशन घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात ठरलं होतं. ते आले तेव्हा त्यांना भिंत दिसत होती, भिंतीवर काय आहे ते दिसत नव्हतं. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी बांधून ते आमच्या पलंगावर पडून राहिले. आई त्यांना औषध घाली, मऊ भात करून देई.

धनत्रयोदशीच्या सकाळी बाबा त्यांना पट्टी काढायला घेऊन गेले आणि दुपारी रिक्षातून परत आले. भाऊकाकांच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा नवा चष्मा होता. आईनं दारात रांगोळी घातली होती. ती त्यांना स्पष्ट दिसली, माझा चेहरा दिसला, म्हणाले, "अगो, तू बापाशीवर गेलंस!" सगळे हसले. मग ते आत येऊन खुर्चीवर बसले, त्यांनी मान वर केली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"माका उलटा दिसता रे!" ते ओरडले. "वाट लागली! डोळो वाया गेलो माझो!"

बाबांच्या हातातली औषधांची पिशवी तशीच राहिली. भाऊकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा डोंगराकडे बघितलं. मग हळूहळू त्यांची नजर बाबांकडे वळली. "की तूच लायलंस उलटा? तुझा काय सांगूचा नाय. शाळेत पाटीसुद्धा उलटी धरून बसायचो हो!" हे आईकडे वळून, बाबांकडे बोट दाखवत. "भिंतभर चित्र लायल्यान आणि ताही उलटा! मुंबैक येवन इतकी वर्षां झाली, अक्कल अजून गावाकच!"

बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. त्यांचे कान लाल झाले होते. धुकं, वारा, फॉरेनचं पाणी, ज्याच्या जोरावर त्यांनी सगळ्या बिल्डिंगला हरवलं होतं त्यातला एक शब्द त्यांच्या तोंडातून फुटेना. मला वाटलं, आता आई बोलणार. आता तिनं नुसतं "हो" म्हटलं की संपलं, काश्मीर पक्कं.

आई पुढे झाली. पाण्याचा तांब्या भाऊकाकांसमोर ठेवत म्हणाली, "नाही हो भावोजी. चित्र सरळच आहे. वर धुकं आहे ना, म्हणून तसं वाटतं. आणि ते पाणी फॉरेनचं आहे, फार स्वच्छ असतं. ह्यांनी नीट बघून लावलंय."

मी आईकडे बघतच राहिले. बाबाही बघत राहिले.

भाऊकाकांचा आईवर विश्वास होता. घरात सगळ्यांत शहाणी कोण, तर ही, असं ते गावात सांगायचे. त्यामुळे तिचं ऐकून त्यांना धीर येण्याऐवजी ते पुरते खचले. "म्हणजे चित्र सरळ हा," ते म्हणाले, "आणि माका उलटा दिसता. मगे डोळोच गेलो." आणि तो दांडगा माणूस, ज्याच्यासमोर गावात कुत्रं भुंकत नसे, चष्म्याखालून रडायला लागला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई घाबरली. तिनं एका भावाला वाचवायला जाऊन दुसऱ्याला बुडवलं होतं.

"भाऊ, रडा नको," बाबा म्हणाले. आवाज इतका खाली आला होता की मला तो त्यांचा वाटेना. "तुझो डोळो बरो आसा. चित्र उलटा हा. मीच उलटा लायलंय."

"खरा सांगतंस?"

"खरा. गाय बघ. खालची खरी."

भाऊकाकांनी गाय बघितली. मग जे हसायला लागले, की हसूनही डोळ्याला पाणी येतं म्हणून आम्हाला त्यांना गप्प करावं लागलं. लेले काका-काकू आवाजानं धावत आले, आणि बाबांनी त्यांच्यासमोर, कुणी न विचारता, पुन्हा सांगितलं, "उलटं आहे हो. पहिल्या दिवसापासून माहीत आहे." लेले काकांना अशिलानंच कबुली दिल्यावर काय करतात ते सुचेना. ते म्हणाले, "शिडी मी नीट धरली होती."

संध्याकाळी पणत्या लावताना मी बाबांना आईशी बोलताना ऐकलं. "मंजूर म्हटलेलं मी. लक्षात आहे माझ्या."

"मी काही बोलले का?" आई म्हणाली.

"बोलली नाहीस म्हणून तर सांगतोय."

मला त्या क्षणी दोघंही फार आवडली. इतके दिवस बाबांचा आलेला राग कुठं गेला ते कळलंच नाही. आपले आईबाप एकमेकांचे कुणीतरी आहेत, हे मुलांना फार क्वचित दिसतं. मला ते त्या धनत्रयोदशीला दिसलं.

सिनरी काही कुणी काढली नाही. ती उलटीच राहिली, पुढे पावसाळ्यांत ओल आली तशी आकाशाच्या बाजूनं, म्हणजे खालून, सुटत गेली. मे महिन्यात आम्ही ग्रुपनं काश्मीरला गेलो. आचारी बरोबर होता. वरणभात होता, बटाट्याची भाजी होती, एकदा तर साबुदाण्याची खिचडीही होती. बाबा वाटेत प्रत्येक वळणावर "अजून किती?" विचारायचे आणि प्रत्येक नदीच्या पाण्याकडे संशयानं बघायचे. आई खिडकीला नाक लावून बसलेली.

गुलमर्गला भाड्याचे ओव्हरकोट आणि गमबूट चढवून सगळे ग्रुपवाले पोशाखाच्या फोटोसाठी रांगेत उभे राहिले. आई रांगेतून बाहेर पडली आणि एकटीच चढावर चालायला लागली. नऊवारी नसली तरी पाचवारीच्या निऱ्या ओव्हरकोटाखालून लोंबत होत्या. पांढऱ्या, कुणी पाय न ठेवलेल्या जागी ती थांबली. खाली वाकून तिनं दोन्ही हातांत बर्फ घेतला. बाबा खाली माझ्याजवळ उभे होते. एवढं करून तिला आवडलं की नाही, ह्याची त्यांना काळजी लागली होती.

आईनं आयुष्यात बाबांना "अहो" सोडून दुसरी हाक मारली नव्हती. नाव घेतलं असेल तेवढं उखाण्यात. आम्हा मुलांसमोर नाही, लेले काकूंसमोर नाही, भांडणातसुद्धा नाही. बर्फ हातात घेऊन ती आमच्याकडे वळली, तिचा पाय घसरला, आणि सगळ्या ग्रुपला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "अरे, बघतोस काय! धर ना मला!"

बाबांनी आधी मागे वळून बघितलं, हा "अरे" कोण म्हणून. मागे कुणी नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते धावत सुटले. बर्फात धावायचं नसतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते तिच्यापर्यंत पोचले, त्यांनी तिला धरलं, आणि दोघंही बसकण मारून उतारावरून खाली घसरत आली. आणि आई तो अख्खा उतार संपेपर्यंत त्यांना अरे-तुरे करत होती.